सह्याद्री म्हणजे विझलेला ज्वालामुखी? नाही ओ!

साताऱ्याच्या अजिंक्यतारा किल्ल्यावर गेलं की कोणतरी हमखास सांगतंच, हा विझलेला ज्वालामुखी आहे, तोंड बुजलं म्हणून माथा सपाट. आम्हीपण लहानपणी हेच ऐकलंय. पण तसं नाहीये. साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडून लाव्हा पसरला, थरावर थर बसत गेले, आणि डोंगराच्या कड्यात ज्या आडव्या पट्ट्या दिसतात ना ते हेच थर. नंतर पावसानं, नद्यांनी कोरून जे उरलं ते आपले डोंगर. खरंतर सह्याद्री ही दख्खनच्या पठाराची तुटकी कडा आहे, म्हणून तर महाबळेश्वरला वाईकडनं टप्प्याटप्प्यानं चढता येतं पण कोकणाकडं बघितलं की सरळ खोल दरी, बघूनच पाय लटपटतात! हिमालयासारखी जमिनीच्या थरांना दाबून घडी वगैरे इथं पडलेली नाही.