व्हिडिओ गेममधील दृश्यशैली

व्हिडिओ गेममध्ये पडद्यावर जे दिसते, त्याचे दोन भाग पडतात. यंत्र किती बारकावा किती वेगाने काढू शकते, हा ग्राफिक्सचा भाग. काय काढायचे, काय गाळायचे आणि कोणत्या रंगांत, हे चित्रकार ठरवतो; ती दृश्यशैली. बोलताना मात्र दोन्हींना सरसकट ‘ग्राफिक्स’च म्हटले जाते.

पैठणी जवळून पाहिलेल्याला हा फरक चटकन उमगतो. पदरावरचा मोर उभ्या-आडव्या धाग्यांतून उमटतो, म्हणून त्याच्या मानेची गोलाई खरे तर पायऱ्यापायऱ्यांची असते. पडद्यावरच्या ठिपक्यांचे, म्हणजे पिक्सेलचेही तसेच. जपानच्या निन्टेन्डो कंपनीच्या ८-बिट गेम-यंत्रावर चित्र ८ × ८ ठिपक्यांच्या तुकड्यांतून जुळवावे लागे आणि हलत्या आकृतीच्या एका तुकड्याला तीनच रंग मिळत. टीव्हीला जोडायचे कॅसेटचे गेम मराठवाड्यात आले, ते बहुतेक याच यंत्राच्या नकला. त्याआधी, १९८१च्या ‘डाँकी काँग’ या गेममध्ये निन्टेन्डोचे शिगेरू मियामोतो यांनी नायक मारिओला टोपी घातली, कारण केस काढणे अवघड होते, मिशी दिली, कारण इतक्या थोड्या ठिपक्यांत तोंड उमटेना. अडचणीतून आलेला हा चेहरा पुढे जगभर ओळखीचा झाला.

बारकावा लवकर जुना होतो, शैली टिकते. झेल्डा मालिकेतील ‘द विंड वेकर’ (२००२) कार्टूनसारखा दिसतो म्हणून चाहते रुसले होते. आज तोच ताजा वाटतो आणि त्या काळचे ‘हुबेहूब’ गेम ओबडधोबड. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने ‘राजी’ या गेमसाठी (२०२०) पहाडी लघुचित्रांचा आधार घेतला. गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी, पांढरा आणि दुरून आणलेला निळा, एवढ्यावर उभे असलेले अजिंठ्याचे रंग तर आपल्या दारातच आहेत.

इकडचा खेळाडू मुख्यतः मोबाइलवर खेळतो, आणि त्याचा हिशोब वेगळा असतो. ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’त (२०२१) अनेक जण मुद्दाम ‘स्मूथ’ हा साधा पर्याय घेतात. सेकंदाला ६० चित्रे हवी असतील तर एका चित्राला जेमतेम १६ मिलिसेकंद मिळतात. सावल्या आणि गवताची पाती त्यापायी सोडून द्यावी लागतात. रंगांसाठी ‘कलरफुल’ निवडला की झुडपाआडचा शत्रू लवकर उठून दिसतो, असा खेळणाऱ्यांचा अनुभव. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा तापलेला प्रोसेसर आपणहून गती कमी करतो. मग मुले फोन घेऊन कूलरसमोर सरकतात.