प्रसूतिपश्चात नैराश्य

बाळंतपणानंतर आईला जडणारा मनोविकार. सततची उदासी, कशातच मन न लागणे, बाळ झोपले तरी डोळा न लागणे, बाळाची ओढ न वाटणे किंवा त्याच्या काळजीने जीव टांगणीला लागणे, अशी लक्षणे दोन आठवड्यांहून अधिक टिकल्यास हा विकार संभवतो. पहिल्या काही दिवसांत बहुतेक बाळंतिणींना विनाकारण रडू येते, ते आपोआप ओसरते; तो आजार नव्हे. भास-भ्रमांसह येणारी प्रसूतिपश्चात मनोविकृती निराळी. ती हजारात एक-दोघींना होते आणि तीत तातडीने रुग्णालय गाठावे लागते.

विकाराची कालमर्यादा वादग्रस्त आहे. सुश्रुतसंहितेत सूतिकाकाळ (बाळंतिणीचा काळ) दीड महिना सांगितला असून, पुन्हा ऋतुदर्शन होईपर्यंत (पाळी येईपर्यंत) तो चालतो असे ‘काहींचे मत’ही तिथेच नोंदवले आहे. मात्र तिथल्या सूतिकारोगांत (बाळंतिणीच्या आजारांत) शारीरिक व्याधींचाच भर असल्याने त्यांना सरसकट नैराश्य समजणे योग्य नाही. फ्रान्समध्ये लुई-व्हिक्टर मार्से यांनी १८५८ मध्ये गरोदर व बाळंत स्त्रियांच्या मनोविकारांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. मनोविकारांचे अमेरिकी वर्गीकरण प्रसूतीनंतरचे चार आठवडे धरते (२०१३ पासून गरोदरपणही). जागतिक आरोग्य संघटनेचे वर्गीकरण सुमारे सहा आठवडे. अनेक संशोधक वर्षभराचा काळ मोजतात, आणि सोलापूरसारख्या ठिकाणी तोच अधिक ग्राह्य वाटतो.

येथे पहिले बाळंतपण बहुधा माहेरी होते. सव्वा महिना शेक-शेगडी, अंगाला तेल, डिंकाचे लाडू आणि रात्री बाळाला घ्यायला आईचा हात असतो. पुढे लेक सासरी येते आणि तो हात सुटतो. शहराच्या पूर्व भागात अनेक जणी घरीच विड्या वळतात: मांडीवर तंबाखू-पानांचे सूप, शेजारी झोळीत बाळ. मजुरी हजार विड्यांमागे, त्यामुळे बसून राहिले की पैसे नाहीत. सहा आठवड्यांची मोजणी जिथे संपते, तिथेच हिच्यावरचा भार सुरू होतो. अशी बाई गप्प झाली की घरचे ‘बाहेरचे लागले’ म्हणून अंगारा लावतात किंवा आळशी ठरवतात. दोन्हींत उपचाराचे दिवस वाया जातात.

संप्रेरकांतील घट, पूर्वीचे नैराश्य आणि घरची परिस्थिती ही कारणे एकमेकांत गुंतलेली असतात. गोव्यातील २००२ च्या अभ्यासात सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के मातांत हा विकार आढळला. गरिबी व बिघडलेले दांपत्यसंबंध हे त्याचा धोका वाढवणारे महत्त्वाचे घटक ठरले. पतीची मारहाण व उपासमार यांचा परिणाम मुलगा झाला की मुलगी, यानुसार वेगळा दिसला.

विकाराची शक्यता असलेल्या माता ओळखण्याच्या चाळणीसाठी १९८७ ची एडिंबरा प्रश्नावली वापरतात. दहा प्रश्न, कमाल ३० गुण; १३ वा अधिक आल्यास तपासणी हवी. शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. त्याला होकार आल्यास एकूण गुण कितीही कमी असोत, थांबू नये. ज्या घरी तेलुगू किंवा कन्नड बोलतात, तिथे हे प्रश्न त्याच भाषेत, सासूच्या माघारी विचारावेत.

उपचार समुपदेशनाने व गरजेनुसार औषधांनी होतात. सर्ट्रालिनसारखी काही नैराश्यविरोधी औषधे डॉक्टरांच्या सल्ल्याने अंगावर पाजतानाही घेता येतात. त्यासाठी दूध तोडण्याची गरज सहसा नसते. टेलि-मानस या सरकारी दूरध्वनी मानसिक-आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य असून चोवीस तास चालू असतो.