फिश टँकमधील नायट्रोजन चक्राची पार्श्वभूमी

घरी नवी काचेची टाकी आणली की मासे सोडण्याआधी ती ‘सायकल’ करून घ्यावी, म्हणजे चार-सहा आठवडे नुसते पाणी, फिल्टर आणि अमोनियाचा थोडा पुरवठा एवढ्यावर चालू ठेवावी, असा सल्ला मासे पाळणारे आता एकमेकांना सहज देतात. त्यामागचे कारणही बहुतेकांना पाठ असते. मासे कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतात, उरलेले खाद्य आणि विष्ठा कुजून त्यात भर पडते, काही जीवाणू या अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसरे काही त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात, आणि पहिल्या दोहोंच्या मानाने पुष्कळच निरुपद्रवी असलेले हे नायट्रेट वनस्पती शोषून घेतात किंवा पाणी बदलताना आपण बाहेर काढतो. इतकी साधी वाटणारी ही हकिगत मासे पाळणाऱ्यांच्या कानी पोहोचायला शंभराहून अधिक वर्षे लागली. गंमत अशी, की तिचे दोन महत्त्वाचे तुकडे एकाच इंग्रज घरातील बाप-लेकांच्या हाती लागलेले होते. ते एकमेकांना जोडले गेले मात्र फार पुढे, आणि तेही दुसऱ्यांकडून.

बापाचे नाव रॉबर्ट वॉरिंग्टन (१८०७–१८६७). लंडनमधील औषधविक्रेत्यांच्या जुन्या संस्थेत, सोसायटी ऑफ अपोथेकरीजमध्ये, ते रसायनतज्ज्ञ होते. १८४९ साली त्यांनी सुमारे बारा गॅलन, म्हणजे पन्नास-पंचावन्न लिटर मावेल असे काचेचे भांडे घेतले, ते झऱ्याच्या पाण्याने निम्मे भरले, तळाशी वाळू, गाळ आणि सच्छिद्र चुनखडीचे दगड ठेवले, व्हॅलिस्नेरिया या पाणवनस्पतीचे एक रोप लावले आणि दोन लहान गोल्डफिश सोडले. काही दिवस सर्व ठीक चालले. मग रोपाची जुनी पाने कुजू लागली, पाणी गढूळ झाले, काचेवर बुळबुळीत थर चढला. वॉरिंग्टननी तळ्यातल्या पाच-सहा गोगलगायी आणून सोडल्या. त्यांनी कुजकी पाने फस्त केली आणि पाणी पुन्हा निवळले. वनस्पती प्रकाशात ऑक्सिजन देतात हे प्रीस्टली आणि इंगेनहाउझ यांच्या प्रयोगांपासून ठाऊक होतेच. त्या आधारे वॉरिंग्टननी निष्कर्ष काढला, की मासा वनस्पतीला कार्बन डायऑक्साइड पुरवतो, वनस्पती माशाला ऑक्सिजन पुरवते, गोगलगाय सफाई करते आणि असा मेळ जमला की पाणी न बदलता टाकी चालू राहते. मार्च १८५० मध्ये त्यांनी हे निरीक्षण केमिकल सोसायटीपुढे वाचले.

निरीक्षण अचूक होते, स्पष्टीकरण मात्र अपुरे. गोगलगायी कुजकी पाने खाऊन जी विष्ठा टाकत, तिच्यातला नायट्रोजन कोठे जातो, हा प्रश्न त्या मांडणीत नव्हताच. आजच्या नजरेने पाहिले तर त्या भांड्यातील सर्वांत उपयुक्त वस्तू म्हणजे ते चुनखडीचे दगड होत, कारण जीवाणूंना चिकटून राहायला त्यांच्या सच्छिद्र पृष्ठभागावर भरपूर जागा होती आणि पाण्याचा पीएच, म्हणजे आम्लता मोजणारा आकडा, घसरू न देणारा (पाणी आम्ल होऊ न देणारा) चुनाही त्यांतूनच विरघळत होता. वॉरिंग्टननी ते ठेवले होते ते मात्र बहुधा माशांना आडोसा म्हणून.

या प्रयोगातून ‘संतुलित टाकी’ची कल्पना निघाली आणि तिने युरोपातील दिवाणखाने व्यापले. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात जगातील पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले. फिलिप हेन्री गॉस यांनी ‘अक्वेरियम’ हा शब्द लोकांच्या तोंडी बसवला. टाकीत पुरेशी रोपे लावली की काम झाले, हा समज पुढे जवळजवळ शंभर वर्षे टिकला. तो मोडणाऱ्यांत न्यूयॉर्कच्या मत्स्यालयातील जेम्स अ‍ॅट्झ यांचे नाव घ्यावे लागते. ‘संतुलित टाकी’ ही दंतकथा आहे, असे त्यांनी १९४९ साली एका लेखात स्पष्टपणे मांडले. घरगुती टाकीतील माशांची गर्दी पाहता, हवेतून पृष्ठभागावाटे मिळणाऱ्या ऑक्सिजनपुढे रोपांचा वाटा किरकोळच असतो, असा त्यांचा मुद्दा होता.

त्याआधी एकाने, कारण ठाऊक नसताना, योग्य वाट धरली होती. विल्यम अल्फर्ड लॉइड यांनी १८७१ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील मत्स्यालय उभारताना प्रदर्शनाच्या टाक्यांपेक्षा कितीतरी मोठा, अंधारा जलसाठा तळघरात केला आणि पंपाने पाणी अखंड फिरते ठेवले. पाणी अंधारात ‘विसावले’ की शुद्ध होते, हे त्यांच्या अनुभवास आले होते. अंधार आणि खेळते पाणी या दोन्ही गोष्टी कोणाला मानवतात, हे कळायला आणखी थोडा अवधी होता.

ते कळले शेतीच्या आणि सांडपाण्याच्या अभ्यासातून. नायट्रेट ही काही नवी वस्तू नव्हती. आपल्याकडे तिचे नाव सोरा. गोठ्यांच्या आणि जुन्या वस्तीच्या मातीवर उमलणारा हा पांढरा क्षार धुऊन काढण्याचा धंदा बिहारमध्ये पिढ्यान्‌पिढ्या चालत होता आणि डच व इंग्रज कंपन्या बंदुकीच्या दारूसाठी तो जहाजे भरभरून नेत होत्या. मूत्र-शेणाच्या मातीत सोरा तयार होतो हे सर्वांना माहीत होते. तो कसा होतो, याविषयी मात्र ही निव्वळ रासायनिक क्रिया असावी असेच बहुतेक जण धरून चालले होते.

१८७७ साली फ्रान्समध्ये श्लोसिंग आणि म्युंट्झ यांनी एक मीटर लांबीच्या काचेच्या नळीत वाळू आणि चुनखडीची भुकटी भरली आणि वरून सांडपाणी इतक्या संथपणे सोडले, की ते खाली उतरायला आठ दिवस लागावेत. पहिले वीस दिवस काहीच घडले नाही, वर ओतलेला अमोनिया जसाच्या तसा खाली येत राहिला. मग नायट्रेट दिसू लागले, वाढत गेले, आणि शेवटी खालून येणाऱ्या पाण्यात अमोनिया उरलाच नाही. क्रिया निव्वळ रासायनिक असती तर ती पहिल्याच दिवशी सुरू व्हायला हवी होती. खात्रीसाठी त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली. नायट्रेट बंद झाले. क्लोरोफॉर्म निघून गेल्यावरही ते आपणहून परतले नाही, पण थोडी माती कालवलेले पाणी ओतताच काही दिवसांनी पुन्हा सुरू झाले. हा प्रयोग मला फार आवडतो, कारण घरच्या टाकीत जे जे घडते ते सगळे त्या एका नळीत आहे. सुरुवातीचा रिकामा काळ आहे, औषध टाकल्यावर बिघडणारी टाकी आहे, आणि जुन्या टाकीतला मळका स्पंज नव्या फिल्टरमध्ये ठेवण्याची युक्तीही आहे.

आता मुलाकडे. वॉरिंग्टनचा मुलगाही रॉबर्टच (१८३८–१९०७). वडिलांनी गोल्डफिशचे भांडे मांडले तेव्हा तो दहा-अकरा वर्षांचा होता. पुढे तो इंग्लंडमधील रॉथमस्टेडच्या प्रसिद्ध शेती-संशोधन केंद्रात रसायनतज्ज्ञ झाला. श्लोसिंग-म्युंट्झ यांचा प्रयोग वाचून त्याने १८७८ पासून बारा-तेरा वर्षे नायट्रीकरणाचाच, म्हणजे अमोनियाचे नायट्रेट होण्याच्या या क्रियेचाच, पिच्छा पुरवला. ही क्रिया अंधारात नीट चालते, चुन्यासारखा आम्लता शमवणारा पदार्थ नसेल तर अडते आणि तिचे दोन वेगळे टप्पे असून प्रत्येकाचे जीवाणू वेगळे असावेत, हे त्याने दाखवले. ते जीवाणू शुद्ध स्वरूपात वेगळे काढणे मात्र त्याला साधले नाही. त्या काळी जीवाणू जिलेटिनवर वाढवण्याची पद्धत होती आणि या जीवाणूंना असे सेंद्रिय खाणे रुचतच नाही. झ्युरिखमध्ये काम करणाऱ्या सर्गेई विनोग्राड्‌स्की यांनी ती अडचण ओळखली, सेंद्रिय द्रव्य वगळून सिलिकाच्या जेलवर ते वाढवले आणि १८९० ते १८९२ या काळात दोन्ही टप्प्यांचे जीवाणू वेगळे केले. नायट्रोसोमोनास आणि नायट्रोबॅक्टर ही नावे त्यांचीच. अमोनियाचा किंवा नायट्राइटचा ऑक्सिजनशी संयोग होताना मिळणाऱ्या तुटपुंज्या ऊर्जेवर हे जीव स्वतःचे शरीर कार्बन डायऑक्साइडपासून घडवतात, म्हणून त्यांची वाढ रेंगाळत होते. दूध नासवणारे जीवाणू तासाभरात दुपटीहून अधिक होतात, तर यांना एकदा दुप्पट व्हायला अर्धा दिवस ते एक-दोन दिवस लागतात. नव्या टाकीला आठवडे का लागतात, त्याचे कारण या आकड्यात आहे.

सांडपाण्याच्या अभियंत्यांनी हे ज्ञान लगेच उचलले. १९१४ साली मँचेस्टरमध्ये आर्डर्न आणि लॉकेट यांनी सांडपाण्यात हवा फुंकून त्यातील अमोनियाचे पूर्ण नायट्रेट होईपर्यंत वाट पाहिली. पहिल्या खेपेला सुमारे पाच आठवडे लागले. पण तळाचा गाळ न टाकता त्यावर पुढचे सांडपाणी घेत गेल्यावर तेच काम काही तासांवर आले. या कामामागचे मार्गदर्शक गिल्बर्ट फाउलर १९१६ साली बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक म्हणून आले, म्हणजे हा विषय भारतात तसा जुना आहे. मासे पाळणाऱ्यांपर्यंत मात्र ‘गाळ टाकू नका’ हा निरोप पोहोचला नाही. आपल्या घरांतून कालपरवापर्यंत टाकीची स्वच्छता म्हणजे रविवारी सकाळी मासे बादलीत काढायचे, सगळे पाणी ओतायचे आणि खडे न्हाणीघरात नळाखाली खसखसून चोळायचे. खडे लखलखीत होत, आणि दोन दिवसांनी मासे पृष्ठभागावर तोंडे काढून धापा टाकू लागले की दोष खाद्याला किंवा नजर लागण्याला दिला जाई.

हौसेच्या जगात बदल झाला तो विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. खड्यांखाली जाळी बसवून त्यांतून पाणी खेचणारा अंडरग्रॅव्हल फिल्टर प्रचारात आला आणि खडे हेच जीवाणूंचे घर झाले. जपानमध्ये साएकी यांनी १९५८ साली बंदिस्त, फिरत्या पाण्याच्या टाक्यांसाठी गाळणथर किती मोठा हवा याचे गणित मांडले. इंडोनेशियातील ली चिन एंग यांनी १९६१ साली समुद्रातील ‘जिवंत’, म्हणजे जीवजंतूंची वस्ती असलेले, खडक आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर खाऱ्या पाण्याची टाकी चालवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. आणि १९७० साली अमेरिकेच्या स्टीफन स्पॉट यांच्या पुस्तकाने बंदिस्त पाण्यातील हे रसायनशास्त्र मत्स्यालयवाल्यांच्या हाती एकत्रितपणे दिले. त्यानंतर घरगुती तपासणी किट आले. त्यांतील रसायने तर आणखी जुनी आहेत. नायट्राइट असल्यास परीक्षानळीतले पाणी गुलाबी-जांभळे होते, ती पीटर ग्रीस यांची १८७९ ची चाचणी; अमोनिया असल्यास पिवळ्याचे हिरवे होते, तिचे मूळ बर्थेलो यांच्या १८५९ च्या निरीक्षणात आहे. नव्या टाकीच्या तिसऱ्या आठवड्यात नळी उजेडात धरून तो जांभळा रंग पाहणारा माणूस, नकळत, बिअरच्या कारखान्यात नोकरी करणाऱ्या ग्रीस या जर्मन रसायनतज्ज्ञाची पद्धत वापरत असतो.

यानंतर प्रकरण मिटले असे वाटत होते, पण जीवाणूंची नावेच चुकलेली निघाली. १९९६ आणि १९९८ साली टिमोथी होव्हानेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोड्या पाण्याच्या टाक्यांतील फिल्टर जनुकीय पद्धतीने तपासले, तेव्हा नायट्रोबॅक्टर सापडेना. नायट्राइटचे काम नायट्रोस्पिरा करत होता. २००५ साली सिअ‍ॅटलच्या मत्स्यालयातील एका उष्णकटिबंधीय टाकीच्या खड्यांतून अमोनिया पचवणारा जो जीव वेगळा केला गेला, तो तर जीवाणूही नव्हता, आर्किया या निराळ्याच गटातला होता. २०११ मध्ये कॅनडातील संशोधकांना गोड्या पाण्याच्या बहुसंख्य फिल्टरांतही आर्कियाचेच प्राबल्य आढळले. २०१५ मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखवले, की काही नायट्रोस्पिरा दोन्ही टप्पे एकटेच पार पाडतात. त्यांपैकी नेदरलँड्‌समधील गटाचा नमुना माशांच्याच फिरत्या पाण्याच्या फिल्टरमधला होता. धाकट्या वॉरिंग्टनचे ‘दोन टप्पे, दोन जीव’ हे सूत्र सव्वाशे वर्षांनी असे सैल झाले. भरपूर अमोनियाच्या सांडपाण्यात राहणारे जीव आणि अगदी विरळ अमोनियाच्या टाकीत राहणारे जीव वेगळे असावेत यात खरे तर आश्चर्य नाही; पण बऱ्याच लेखांत नायट्रोबॅक्टर अजून ठाण मांडून आहे.

नावे बदलली तरी देखभालीचे नियम टिकले, कारण ते नावांवर अवलंबून नव्हते. एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनचे नायट्रेट होताना सुमारे साडेचार ग्रॅम ऑक्सिजन आणि सुमारे सात ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतकी क्षारता, म्हणजे पाण्याची आम्लता शमवण्याची ताकद, खर्ची पडते. मुंबई-पुण्याचे धरणाचे पाणी बोअरवेलच्या मानाने साधारणतः मृदू असते. अशा पाण्याची टाकी महिनोन्‌महिने पाणी न बदलता ठेवली की क्षारता संपते, पीएच सहाच्या खाली घसरतो आणि जीवाणूंचे काम मंदावून अमोनिया साचू लागतो. तरीही मासे तग धरतात, कारण पीएच ७ आणि २५ अंश तापमानालाही एकूण अमोनियापैकी अर्ध्या टक्क्याच्या आसपासच विषारी रूपात असतो. मग कोणीतरी एकदम अर्धी टाकी नव्या पाण्याने भरतो, पीएच ८ वर जातो, तेच प्रमाण पाच टक्क्यांपार पोहोचते आणि मासे संध्याकाळपर्यंत उलटतात. म्हणून फिल्टरमध्ये शिंपल्यांच्या किंवा प्रवाळाच्या चुऱ्याची छोटी पिशवी ठेवतात, थोरल्या वॉरिंग्टनच्या चुनखडीसारखी, आणि पाणी थोडे थोडे, दर आठवड्याला बदलतात. नळातले क्लोरीन श्लोसिंगच्या क्लोरोफॉर्मचेच काम करते, म्हणून स्पंज नळाखाली धरत नाहीत. टाकीतून काढलेले पाणी बादलीत घेऊन त्यात दोन-तीनदा दाबतात. पाणी चहासारखे तपकिरी होते, स्पंज मळकाच राहतो, आणि तो तसाच परत बसवायचा असतो.