जुनी स्पोर्ट-टूरिंग गाडी घेताय? आधी थंड बघा, मग तापवून बघा

जळगाव, धुळे, नंदुरबारच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक: ४०० ते ७०० सीसीच्या लांब पल्ल्याच्या मोटरसायकली

संध्याकाळी धुऊन-पुसून, इंजिन आधीच गरम करून ठेवलेली गाडी बहुतेक वेळा चांगलीच वाटते. सेल्फ पहिल्या दाबात लागतो, आवाज गोल येतो, रंग चमकतो. म्हणून जुनी गाडी बघायला जाताना पहिली अट वेळेची घाला. रात्रभर बंद असलेली गाडी सकाळी लवकर बघायची आणि त्याच दिवशी दुपारी, ऊन चढल्यावर, तीच गाडी चालवून परत बघायची. काही दोष फक्त थंड इंजिन दाखवतं, काही फक्त तापलेलं. खान्देशात उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, आणि त्या उन्हात जी गाडी तग धरेल तीच तुमच्या कामाची. सोबत टॉर्च, मल्टिमीटर आणि एक जुनं स्वच्छ फडकं घ्या.

गाडी तुमच्या मापाची आहे का?

गाडी कितीही चांगली असली तरी अंगाला बसत नसेल तर ती दोन महिन्यांत शेडमध्ये उभी राहते. सीटची उंची निंजा ६५० ला ७९० मिलिमीटर, डॉमिनार ४०० ला ८००, व्ही-स्ट्रॉम ६५० ला ८३५ आणि वर्सिस ६५० ला ८४५ च्या आसपास आहे. कागदावर हा फरक दोन बोटांचा दिसतो. पण दोनशे किलोची गाडी, मागे माणूस, भरलेल्या बॅगा आणि उताराची जागा एकत्र आली की त्या दोन बोटांनीच पाय घसरतो. रोजचे बूट घालून बसा. दोन्ही पायांचे निदान चवडे टेकले पाहिजेत. मग इंजिन बंद ठेवून गाडी मागे ढकला, अरुंद जागेत वळवून बघा. मागे घरचं माणूस बसणार असेल तर त्यांनाही सोबत आणा आणि वीसेक किलोमीटर बसवा. मागच्या सीटचा उतार आणि फुटरेस्टची उंची त्यांच्या गुडघ्यांनाच कळते.

टाकीचा हिशोब असा: निंजा ६५० ची टाकी १५ लिटरची. हायवेला लिटरमागे २२ किलोमीटर धरले आणि ३ लिटर शिल्लक ठेवले, तर २६४ किलोमीटर मिळतात. म्हणजे धुळ्याहून इंदूर काठावर. व्ही-स्ट्रॉमची टाकी २० लिटरची, वर्सिसची २१ लिटरची, त्यांत तोच प्रवास करून पेट्रोल उरतं. डॉमिनारच्या १३ लिटरमध्ये वाटेत एकदा थांबावं लागेल. महामार्गावर पंप भरपूर आहेत, त्यामुळे नुसत्या मोठ्या टाकीसाठी जास्त पैसे मोजू नका. तोरणमाळकडे, सातपुड्याच्या आतल्या रस्त्यांनी वारंवार जाणार असाल तर मात्र तो फरक मोलाचा आहे.

सकाळी, थंड गाडीवर

पोहोचल्यावर पहिल्यांदा इंजिनाला हात लावा. कोमट लागलं तर गाडी आधी चालू केली होती. कारण विचारा, आणि पटलं नाही तर दुसऱ्या दिवशी या.

चावी फिरवल्यावर मीटरमधले सगळे इशारे देणारे दिवे लागले पाहिजेत: इंजिनाचा, ऑइलचा, एबीएसचा (जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा). इंजिनाचा आणि ऑइलचा दिवा गाडी चालू झाल्यावर विझतो. एबीएसचा गाडी थोडी पुढे सरकल्यावर. दिवा विझतो का, हे सगळेच बघतात. तो मुळात लागतो का, हे बघायचं राहून जातं. दोष लपवण्यासाठी दिवाच बंद केलेला असू शकतो. १२५ सीसीवरच्या सगळ्या नव्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचं आहे, त्यामुळे त्यानंतरच्या गाडीत हा दिवा असलाच पाहिजे.

मल्टिमीटर बॅटरीला लावा. गाडी बंद असताना १२.६ व्होल्ट किंवा जास्त हवं. इंजिन चालू करून आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) पाच हजारांच्या आसपास नेलं की १३.८ ते १४.५ दरम्यान दिसलं पाहिजे. आरपीएम वाढवूनही आकडा १३ च्या खाली राहिला तर स्टेटर (इंजिनातला वीज तयार करणारा भाग) किंवा रेक्टिफायर (ती वीज बॅटरीला चालेल अशी करून देणारा भाग) यांचं काम निघणार. १५ च्या वर गेला तर रेक्टिफायर बॅटरी जाळतोय. हा आकडा लिहून ठेवा, दुपारी पुन्हा लागेल.

थंड इंजिन चालू होताना धुराकडे बघा. सुरुवातीची थोडी वाफ साधी असते. निळसर धूर येत राहिला तर ऑइल जळतंय. पांढरा धूर थांबत नसेल आणि त्याला गोडसर वास असेल तर कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) आत जातंय. ऑइल बघायच्या काचेत दुधी, चहासारखा रंग दिसला की ऑइलमध्ये पाणी मिसळलं आहे. हेड गॅस्केट किंवा वॉटर पंपाचं सील, दोन्हींतलं काहीही असेल, तरी इंजिन उघडल्याशिवाय किंमत ठरवता येत नाही. अशी गाडी सोडून द्या.

कूलंटची टाकी उघडून रंग बघा. ते हिरवं, निळं किंवा लाल, पण स्वच्छ हवं. आपल्याकडे उन्हाळ्यात पातळी उतरली की बोअरचं पाणी ओतायची सवय आहे. त्या जड पाण्याचे क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत थर धरतात आणि गाडी पुढच्या उन्हाळ्यात तापायला लागते. कूलंट तांबूस, गढूळ असेल तर हेच झालंय असं समजा. वॉटर पंपाच्या खाली एक बारीक भोक असतं, तिथे वाळलेल्या कूलंटचे डाग आहेत का तेही टॉर्चने बघा. आतलं सील गेलं की कूलंट मुद्दाम तिथूनच बाहेर पडतं.

इथे घाई करू नका: चेन, चाकं, ब्रेक

चेन आणि सॉकेट (चेन ज्यावर फिरते ते दातेरी चक्र, म्हणजे स्प्रॉकेट) यांची परीक्षा अगदी सोपी आहे. मागच्या सॉकेटच्या पार मागच्या टोकाला, चाकाच्या बाजूने बघितलं तर घड्याळात तीन किंवा नऊ वाजतात त्या जागी, चेन दोन बोटांनी पकडून मागे ओढा. चेन दातांवर घट्ट बसून राहिली तर ठीक. तिच्याखालून सॉकेटचा अर्धा दात उघडा पडला तर पूर्ण सेट बदलायचा आहे. मग गाडी स्टँडवर घेऊन चाक सावकाश फिरवा. एका जागी चेन ताठ आणि दुसरीकडे सैल होत असेल, तर काही कड्या आखडल्या आहेत आणि ओढून घेतल्याने काम भागणार नाही. चिमट्याच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यांच्या) टोकाला चेन ताणायच्या खुणा असतात, चाक शेवटच्या खुणेपर्यंत सरकलेलं असेल तर चेनचं आयुष्य संपत आलं. सॉकेटचे दात एका बाजूला लवंडून आकड्यासारखे झाले असतील तर बाकी तपासायची गरजच नाही.

टायरच्या बाजूला DOT (डॉट) या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. २३२१ म्हणजे २०२१ चा तेविसावा आठवडा. नक्षी भरपूर असली तरी पाच-सहा वर्षं जुनं रबर कडक होतं आणि ओल्या रस्त्यावर पकड सोडतं. निंजा ६५० आणि वर्सिस ६५० ला पुढे १२०/७० आणि मागे १६०/६० मापाचे सतरा इंची टायर लागतात. ते गावातल्या दुकानात तयार मिळतीलच असं नाही, आणि चांगली जोडी वीस हजारांच्या पुढे जाते. मागचा टायर मधोमध सपाट झाला असेल तर गाडी सरळ हायवेवरच चाललेली आहे. तो दोष नाही, पण वळणात गाडी ओढल्यासारखी वाटते ती यामुळेच.

ब्रेकच्या डिस्कवर कमीत कमी जाडीचा आकडा कोरलेला असतो. काठावर नखाला अडकेल अशी धार जाणवली तर मोजून घ्या. ब्रेक ऑइल मधासारखं असलं पाहिजे, काळपट असेल तर दोन वर्षांत कुणी बदललेलं नाही. पुढच्या शॉकअपचे पाइप फडक्याने कोरडे पुसा, पुढचा ब्रेक दाबून दहा वेळा जोर द्या आणि ऑइलची रेघ उमटते का बघा. मग पुढचं चाक उचलून हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अलगद फिरवा. मधोमध खाच लागल्यासारखं अडकलं तर कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग) गेला. आपल्याकडच्या गावोगावच्या गतिरोधकांवर आणि पुलांच्या सांध्यांवर पहिला मार यालाच बसतो.

पडलेली गाडी ओळखायची कशी

रंग, कव्हर, आरसे, लिव्हर सगळं नवं बसवता येतं, त्यामुळे तिथे वेळ घालवू नका. हँडल पूर्ण डावीकडे वळवून टॉर्चने चेसीच्या मानेपाशी बघा. टी (पुढच्या शॉकअपचे दोन्ही पाइप धरणारा, हँडलसोबत वळणारा भाग) जिथे येऊन थांबते तिथे धातूची एक छोटी गाठ असते, हँडल त्यापुढे वळू नये म्हणून. समोरून जोरात धडक बसली की चाक वळतं आणि सगळा आघात या गाठीवर येतो. ती चेपलेली, तडकलेली किंवा पुन्हा वेल्डिंग केलेली दिसली तर गाडीनं मोठा मार खाल्ला आहे. उजवीकडे वळवून दुसरीही बघा. विकणाऱ्याला बहुधा याची कल्पनाही नसते, म्हणून ही खूण आम्ही सर्वांत विश्वासाची मानतो.

लांबच्या प्रवासाला वापरलेल्या गाडीची सीट काढून मागची सबफ्रेमही (सीट आणि बॉक्सचा भार पेलणारा सांगाडा) बघा. टॉप बॉक्स आणि साइड बॉक्समध्ये प्रमाणाबाहेर वजन भरून खड्ड्यांतून नेलं की जोडांना बारीक चिरा जातात. चीर दिसत नसली तरी तिथला रंग केसाएवढा फाटलेला असतो. निंजा ६५० चा सायलेन्सर इंजिनाच्या पोटाखाली आहे आणि जमिनीपासूनची उंची १३० मिलिमीटर. खाली वाकून किती घासलंय ते बघा. घासलेलं चालेल, चेपून आत गेलेलं चालणार नाही.

दुपारी, तापलेल्या गाडीवर

निदान तीस-चाळीस किलोमीटर चालवा, सोबत विकणारा असू दे. धुळेकरांना लळिंग घाट हाकेच्या अंतरावर आहे, चाळीसगावच्या बाजूच्यांना कन्नड घाट. जळगावकरांनी भुसावळ गाठून परत यावं, म्हणजे हायवे आणि शहरातली गर्दी दोन्ही होतील.

चढावर वरच्या गिअरमध्ये चार हजार आरपीएमवरून थ्रॉटल पूर्ण उघडा. आरपीएम झपकन वाढलं आणि वेग तिथेच राहिला तर क्लच प्लेट सुटतायत. थंड असताना हे कळत नाही. दुसऱ्या गिअरमध्ये जोर देऊन बघा, गिअर निसटून न्यूट्रलला गेला तर गिअरबॉक्स उघडावा लागेल. मोकळ्या सरळ रस्त्यावर हात हँडलवर सैल ठेवा आणि गाडी एका बाजूला खेचते का बघा. ब्रेक हळू दाबताना लिव्हर बोटांत धडधडली तर डिस्क वाकडी आहे.

आता गर्दीत या, इंजिन चालू ठेवून उभे राहा. तापमान चढेल, पंखा सुरू होईल, आणि काही मिनिटांत तापमान उतरून पंखा थांबला पाहिजे. ही पायरी कधीही टाळू नका. पंखा लागलाच नाही, किंवा लागून तापमान चढतच राहिलं, तर पंखा, रिले, थर्मोस्टॅट किंवा तुंबलेला रेडिएटर यांपैकी एक कारण आहे. रेडिएटरच्या जाळीत आपली काळी माती घट्ट बसलेली असते, ती समोरून टॉर्च मारून दिसते. गाडी दहा मिनिटं बंद ठेवा आणि पुन्हा चालू करा. सेल्फ जड फिरला तर बॅटरी थकली आहे. सेल्फ चांगला फिरूनही इंजिन उशिरा लागलं तर पेट्रोल पंप किंवा सेन्सरकडे बघावं लागेल. मल्टिमीटर परत लावा. सकाळी १४.२ दाखवणारी गाडी तापल्यावर १३ च्या खाली आली तर स्टेटर उष्णतेने हार मानतोय. असा स्टेटर भर उन्हात, घरापासून दूर असतानाच बंद पडतो.

टायरची हवा मात्र दुपारी मोजू नका. निंजा ६५० ला पुढे ३२ आणि मागे ३६ पीएसआय लागते, ती थंड टायरची. तापलेल्या टायरमध्ये आकडा वाढलेला दिसतो म्हणून हवा सोडली तर सकाळी टायर मऊ पडतो.

किंमत आणि कागद

सापडलेलं प्रत्येक काम कागदावर लिहा आणि त्याचे पार्टसह दर विचारून घ्या. टॅपेटचं काम (व्हॉल्व्हची फट जुळवणं) कधी झालं तेही विचारा. मोठ्या गाड्यांत बहुधा शिम (ती फट जुळवणाऱ्या पातळ चकत्या) बदलावे लागतात, त्यासाठी टाकी आणि वरचं कव्हर उतरवावं लागतं, म्हणून मजुरी मोठी येते. त्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर आपल्याला जवळचं कुठलं, नाशिक, इंदूर, सुरत की पुणे, हे घेण्याआधी फोन करून विचारा. जाण्यायेण्याचा खर्चही गाडीच्याच किमतीत धरायचा असतो.

आपल्या भागात एमएच-१८, एमएच-१९ आणि एमएच-३९ च्या गाड्यांसोबत सुरतेच्या जीजे-०५ आणि इंदूरच्या एमपी-०९ च्या गाड्याही विकायला येतात, अनेकदा स्वस्तात. बाहेरच्या राज्याची गाडी घेताना फॉर्म २८ ची एनओसी (मूळ आरटीओचं ना-हरकत पत्र) लागते आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स नव्याने भरावा लागतो. तो जोडल्यावर स्वस्ताई किती उरते ते बघा. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०, कर्ज असेल तर बँकेच्या सहीचा फॉर्म ३५. चेसी नंबर मानेवरच्या कोरीव नंबराशी आणि इंजिन नंबर इंजिनावरच्या नंबराशी स्वतः ताडून बघा. थकलेली ई-चलनं परिवहनच्या संकेतस्थळावर दिसतात, ती विकणाऱ्यानेच भरायची.

दोन्ही चाव्या मागा. चावीत चिप असलेल्या गाड्यांची दुसरी चावी नुक्कडवर बनत नाही. टोकन देताना पावती घ्या आणि तिच्यावर तारीख, चेसी नंबर, मीटरवरचे किलोमीटर आणि विकणाऱ्याने करून द्यायची कबूल केलेली कामं, सगळं त्याच्या सहीनिशी लिहून घ्या.