सिलिकोसिस

दगडातल्या स्फटिकरूपी सिलिकेची धूळ श्वासावाटे आत जाऊन फुप्फुसे निबर करणारा आजार. गारगोटी, वालुकाश्म, पाटीचा दगड यांत सिलिका भरपूर असते, म्हणून खाणकामगार, पाथरवट आणि दगड दळणाऱ्या गिरण्यांतले मजूर याला बळी पडतात.

डोळ्यांना दिसते ती धूळ बहुतेक नाका-घशातच अडते आणि खाकरून बाहेर पडते. घात करते ती न दिसणारी, साधारण ५ मायक्रॉनहून बारीक. माणसाचा केस त्याच्या दहापट तरी जाड असतो. हे कण थेट वायुकोशांत, म्हणजे फुप्फुसातल्या हवेच्या चिमुकल्या पिशव्यांत, उतरतात. तिथल्या भक्षक पेशी त्यांना जंतूंसारखे गिळतात, पण सिलिका पचत नाही. पेशी फुटते, कण मोकळा होतो, दुसरी पेशी त्याला गिळते. या रेट्यात दाह होत राहतो, व्रणासारख्या तंतूंच्या कठीण गाठी धरतात आणि फुप्फुसाचा लवचीकपणा जातो. म्हणूनच काम सोडल्यावरही आजार वाढू शकतो.

आधी चढावर दम लागतो, मग सपाटीवर, शेवटी बसल्या जागी. बहुधा दहा-वीस वर्षांनी लक्षणे दिसतात. धूळ फार असेल तर काही महिन्यांतही. क्षयाचा धोका कित्येक पटींनी वाढतो. खोकला, वजन घटणे, छातीच्या फोटोवरचे डाग सारखेच दिसत असल्याने अनेक मजुरांवर केवळ क्षयाचे उपचार होत राहतात. डॉक्टरने ‘काम काय करता?’ एवढे विचारले, तरी निदानाची दिशा बदलते.

आपण शाळेत पाटीवर गिरवली ती पेन्सिल बहुधा मध्य प्रदेशातल्या मंदसौरची. तिथे विजेच्या करवतीवर दगड कोरडाच कापत. १९८० च्या दशकातल्या तपासणीत निम्म्याहून अधिक कामगारांना सिलिकोसिस आढळला. त्यांत तरुण पुष्कळ होते. मुळाक्षरांची ही किंमत आपल्याला कुणी सांगितली नव्हती.

झालेली इजा भरून काढणारे औषध नाही. तोंडाला बांधलेला रुमाल हे बारीक कण अडवत नाही. दगड ओला ठेवून कापणे, धूळ उगमापाशीच ओढून घेणारे पंखे बसवणे, हेच खरे उपाय. कायद्यानुसार हा आजार सरकारला कळवणे बंधनकारक आहे. पण हजेरीपटावर नावच नसलेल्या मजुराची नोंद बहुतेकदा होतच नाही.