शिडाच्या होडीत तुमचं मूल: येण्याआधी वाचायचं माहितीपत्रक

हे पत्रक स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, डाउन सिंड्रोम किंवा बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या पालकांसाठी आहे. मुंबई बंदरात शीडहोडीतून होणाऱ्या पहिल्या फेरीच्या निदान १० दिवस आधी वाचा, कारण यातली अर्धी तयारी घरी करायची आहे.

होडी चालवणं हे फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी किंवा स्पीच थेरपीची जागा घेत नाही. चालू असलेली सत्रं बंद करून इकडे येऊ नका. होडीत घडतं ते असं: दोरी ओढली की शीड ताणलं जातं आणि होडी पुढे सरकते, सोडली की शीड फडफडतं आणि होडी मंदावते. आपण केलं आणि लगेच काहीतरी झालं, हे मुलाच्या अंगाला कळतं, समजावून सांगावं लागत नाही. ज्याचं खाणं, कपडे, येणं-जाणं दिवसभर दुसरेच ठरवतात, त्याच्या हाती थोडा वेळ एक अख्खी होडी येते. आमच्या लेखी यातलं सगळ्यात मोलाचं हेच.

होडी कशी आहे

आम्ही हान्सा ३०३ वापरतो. लांबी ३.०३ मीटर, रुंदी १.३५ मीटर. मूल आणि प्रशिक्षक शेजारी शेजारी, पुढे तोंड करून बसतात. होडीच्या मधून पाण्यात उतरणारी पाती ३० किलोंची आहे आणि बैठकही खोलगट आहे. वजन इतकं खाली असल्यामुळे होडी कलते, पण सहजी उलटत नाही. साध्या छोट्या शीडहोडीत प्रत्येक वळणाला डोकं वाकवून दुसऱ्या बाजूला सरकावं लागतं. इथे कुणी जागा बदलत नाही. सुकाणूसाठी मध्ये उभी काठी आहे. ती डावीकडे ढकलली की होडी डावीकडे वळते. साध्या सुकाणूचा दांडा उलटा चालतो आणि तिथेच मुलं गोंधळतात.

मुलाला बैठकीला पट्ट्याने बांधा, असं काही पालक काळजीपोटी सांगतात. ते आम्ही कधीच करत नाही. होडी कलंडलीच तर बांधलेलं मूल पाण्याखाली अडकतं. बसताना तोल जात असेल तर दोन्ही बाजूंना फोमच्या उशा देतो.

डॉक्टरांना काय विचारायचं

फिट्स येत असतील तर शेवटची कधी आली, किती वेळ चालली आणि कशामुळे येते, हे लिहून आणा. टोपिरामेट किंवा झोनिसामाइड चालू असेल तर आवर्जून सांगा. या औषधांनी घाम कमी येतो आणि उन्हात अंग लवकर तापतं. अशा मुलांना आम्ही एप्रिल-मेमध्ये घेत नाही. डाउन सिंड्रोममध्ये मानेच्या वरच्या दोन मणक्यांमधला सांधा सैल असू शकतो, त्यामुळे मान तपासून घ्या. पोटावर अन्न देण्याची नळी बसवलेली असेल तर लाइफ जॅकेटचा पट्टा तिच्यावर येऊ नये, म्हणून जागा आधी दाखवा. प्रवासात उलटी होऊ नये म्हणून दिल्या जाणाऱ्या गोळीने झोप येते. ती त्या दिवशी पहिल्यांदाच देऊ नका.

लाइफ जॅकेटचा सराव

पहिली फेरी फसते ती बहुतेकदा पाण्यामुळे नाही, जॅकेटमुळे. छातीवर दाब, मानेला घासणारी कडा आणि पायांमधून जाणारा पट्टा, हे सगळं एकदम नकोसं होतं. म्हणून जॅकेट आम्ही आठवडाभर घरी देतो. पहिल्या दिवशी ते नुसतं समोर ठेवा, हात लावू द्या. मग आवडत्या कामाच्या वेळी २ मिनिटं घाला, पुढे ५, मग १०. शेवटी आंघोळीच्या वेळी अंगावर पाणी घेऊन २० मिनिटं. खाली गुडघ्यापर्यंतची सुती चड्डी असू द्या, म्हणजे पट्टा काचत नाही.

जॅकेट १०० न्यूटनचं असतं (न्यूटन म्हणजे तरंगवून धरण्याच्या ताकदीचं माप). बाजारात स्वस्त मिळणारं ५० न्यूटनचं जॅकेट पोहता येणाऱ्यासाठी आहे. शुद्ध हरपलेल्याचं तोंड ते वर ठेवेलच असं नाही. गॅसने आपोआप फुगणारं आम्ही वापरत नाही, कारण अचानक होणारा आवाज आणि मानेवरचा दाब मुलांना सोसत नाही. माप बघायला दोन्ही खांद्यांना धरून जॅकेट वर ओढा. कानापर्यंत आलं तर सैल आहे.

दिवस आणि वेळ

मुंबई बंदरात उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीतला फरक चार मीटरांच्या वर जातो. ओहोटीला तरंगत्या धक्क्यावर उतरणारा उतार इतका तीव्र होतो की व्हीलचेअर सुरक्षित नेता येत नाही. म्हणून वेळ भरती बघून ठरते आणि दर आठवड्याला बदलते. रोजची ठरलेली वेळ लागणाऱ्या मुलाला दोन दिवस आधी कॅलेंडरवर दाखवून ठेवा.

सकाळचा मतलई (जमिनीवरून समुद्राकडे जाणारा) वारा मंद असतो. दुपारकडे समुद्रावरून येणारे खारे वारे जोर धरतात. पहिल्या फेरीला ४ ते ८ नॉट वारा चांगला (१ नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर). १२ नॉटच्या वर गेला तर फेरी रद्द. ३ नॉटच्या खालीही आम्ही जात नाही: होडी जागेवर उभी राहते, ऊन लागतं आणि मूल कंटाळतं. जून ते सप्टेंबर बंद. दीड तास आधी पोहे किंवा इडलीसारखं हलकं खाऊन या.

प्रत्यक्ष फेरी

धक्क्यावर १५ मिनिटं, बांधलेल्या होडीत १० मिनिटं, पाण्यात २० मिनिटं. मजेत असलं तरी पहिल्यांदा २० मिनिटांवर थांबतो. दमलेल्या मुलाला शेवटची रडारडच आठवते. ओढ, सोड, डावीकडे, उजवीकडे, पुरे, अशी पाच चित्रं होडीत लटकवलेली असतात. ‘पुरे’वर बोट ठेवलं की आम्ही परततो, वाद घालत नाही. धक्क्यावरूनच मूल मागे फिरलं तर पैसे घेत नाही.

आवाज सहन न होणाऱ्या मुलाला फडफडणारं शीड सगळ्यात त्रासदायक. म्हणून शीड डोलकाठीभोवती गुंडाळून आधी अर्धंच सोडतो आणि वारा बाजूने घेऊन चालतो. वळण्याआधी ‘तीन, दोन, एक’ म्हणतो. सेरेब्रल पाल्सीत मूठ घट्ट मिटली की चटकन उघडत नाही. तेव्हा दोरी हाताला कधीच गुंडाळू देत नाही. १० मिलिमीटरची जाड दोरी, शेवटी गाठ मारून, तळहातावर नुसती ठेवतो.

फिट आलीच तर दोरी सोडून होडी थांबवतो, डोकं सांभाळतो, हातपाय दाबून धरत नाही, तोंडात काही घालत नाही. सोबतच्या मोटरबोटीवर ती चालवणारा तांडेल आणि तुम्ही असता; डॉक्टरांनी दिलेला, फिट थांबवणारा मिडाझोलामचा नाकातला स्प्रे तुमच्याजवळ हवा. ५ मिनिटांत फिट थांबली नाही तर थेट रुग्णालय.

घरी गेल्यावर

बगल, मांड्या आणि टाचा बघा. जिथे संवेदना कमी आहे तिथे घासल्याचं मूल सांगत नाही. पाणी पाजा.

आणि हे नक्की लक्षात ठेवा: स्वमग्न मुलांना पाण्याची ओढ पुष्कळदा आधीपासूनच असते, फेरीनंतर ती वाढू शकते. जवळचं तळं, विहीर, सोसायटीचा पोहण्याचा तलाव, उघडी टाकी यांची यादी करा, दाराला वरची कडी बसवा, वॉचमनला मुलाचा फोटो देऊन ठेवा. मूल दिसेनासं झालं तर आधी पाण्याच्या जागा बघा, घर नंतर.