कॅराव्हॅन ऑनिंग : हवेचे आणि खांबांचे

कॅराव्हॅनच्या, म्हणजे गाडीमागे ओढायच्या चाकांवरच्या घराच्या, दाराच्या बाजूला जोडायचा, तिन्ही बाजूंनी बंद होणारा कापडी तंबू म्हणजे ऑनिंग. ब्रिटन, नेदरलँड्स, जर्मनी, डेन्मार्क या गाडीमागे कॅराव्हॅन ओढत सुटीवर जाण्याच्या देशांत तो नेहमीच्या सामानापैकी एक आहे. चिखलाचे बूट, घडीच्या खुर्च्या, ओला कुत्रा हे सगळे तिथेच राहते. भारतातल्या मोटारहोमवर दिसणारे गुंडाळीचे छत हा निराळा प्रकार; त्याला एरवी भिंती नसतात आणि ते गाडीवरच कायम बसवलेले असते.

जोडणी आणि माप. कॅराव्हॅनच्या कडेने अॅल्युमिनियमची खोबण असते. ऑनिंगच्या छताच्या काठाला शिवलेली गोल दोरी तिच्यात सरकवतात. पूर्ण लांबीच्या ऑनिंगसाठी 'ए' माप लागते: पुढच्या बाजूला जमिनीपासून वर, खोबणीतून आडवे आणि मागे पुन्हा जमिनीपर्यंत. हे न ताणल्या जाणाऱ्या दोरीने, सपाट टणक जमिनीवर आणि कॅराव्हॅन समतल करूनच घ्यावे. उत्पादक साधारण २५ सेंमीच्या टप्प्यांनी मापे काढतात. मोठे माप घेतले तर छत झोळ खाते, लहान घेतले तर भिंती जमिनीला टेकत नाहीत. अर्ध्या लांबीच्या पोर्च ऑनिंगला 'ए' माप लागत नाही. त्याची रुंदी बहुधा २६०, ३३० किंवा ३९० सेंमी असते आणि खोबण जमिनीपासून सुमारे २३५ ते २५० सेंमीवर असली की काम भागते. मात्र त्याची मागची कड खिडकीवर किंवा चाकाच्या कमानीवर येत नाही ना, हे विकत घेण्याआधी पाहावे; तिथे कॅराव्हॅनला टेकणारी फोमची पट्टी नीट दबत नाही आणि वारा आत शिरतो.

खांबांचे ऑनिंग. खांब पोलादाचे, अॅल्युमिनियमचे किंवा काचतंतूचे (फायबरग्लासचे) असतात. पोलाद जड पण भरवशाचे. महिनोन्‌महिने एकाच जागी उभ्या राहणाऱ्या ऑनिंगला तेच लावतात. अॅल्युमिनियम हलके, पण एकदा वाकले की सरळ करताना तडकते. काचतंतू लवचिक असतो आणि गंजत नाही. कापड खोबणीत सरकवल्यावर आधी मधला वासा, मग दोन्ही कोपऱ्यांचे वासे आणि शेवटी पुढचे पाय लावतात. पाय सुरुवातीला थोडे आखूडच ठेवायचे. पूर्ण ताण मेखा ठोकून झाल्यावर द्यायचा. कोणता खांब कुठला हे शोधण्यातच निम्मा वेळ जातो, म्हणून प्रत्येक जोडाला रंगीत चिकटपट्टी लावून ठेवणे फायद्याचे. पकडीचे स्क्रू जोर लावून आवळले की प्लॅस्टिकची पकड तुटते.

हवेचे ऑनिंग. इथे वाशांच्या जागी हवेच्या नळ्या असतात. आत टीपीयू या चिवट, लवचिक प्लॅस्टिकची हवाबंद पिशवी आणि बाहेर पॉलिएस्टरचा न ताणणारा, चेन असलेला खोळ. सायकलच्या ट्यूब आणि टायरसारखीच ही विभागणी. हवा पिशवी धरते, ताण खोळ सोसतो. दाब उत्पादकाप्रमाणे साधारण ६ ते ११ पीएसआय. मोटारीच्या टायरचा कॉम्प्रेसर इथे कामाचा नाही: तो दाब देतो, पण एका वेळी हवा फारच थोडी भरतो. दाबमापक असलेला, दोन्ही फेऱ्यांत हवा भरणारा हाताचा पंप लागतो. काही ऑनिंगमध्ये एकाच तोंडातून सगळ्या नळ्या भरतात; तिथे नळ्यांमधल्या बंद-चालू करायच्या कळा भरून झाल्यावर बंद कराव्यात, म्हणजे एक नळी फुटली तरी बाकीच्या उभ्या राहतात.

रात्री नळी मऊ लागली की पंक्चर झाले असे पहिल्याच सहलीत अनेकांना वाटते. दुपारी ३० अंशांना ९ पीएसआय भरले आणि पहाटे पारा १० अंशांवर उतरला, तर एक थेंबही हवा न गळता मापकावर सुमारे साडेसात दिसेल. उलट, थंड सकाळी कमाल दाबापर्यंत भरून ऊन चढू दिले तर खोळाच्या शिवणीवर ताण येतो. खरी गळती बहुतेक वेळा व्हॉल्व्हच्या तळाशी सापडते. साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहावेत आणि तळाची कडी घट्ट फिरवावी. पिशवीच पंक्चर असेल तर खोळाची चेन उघडून ती बाहेर काढतात, पुसून कोरडी करतात आणि टीपीयूचा तुकडा चिकटवतात. जादा पिशवी जवळ असेल तर हे काम घरी गेल्यावरही चालते.

वारा, पाऊस, बर्फ. झोताखाली हवेची नळी वाकते आणि पुन्हा उभी राहते. धातूचा खांब एका मर्यादेनंतर वाकलेलाच राहतो. म्हणून हवेचे ऑनिंग वाऱ्यात अधिक मजबूत असे बोलले जाते. हे अर्धेच खरे आहे. ऑनिंग उडते ते मेखा सुटल्यामुळे, चौकटीमुळे नव्हे. भिंतींच्या सगळ्या चेन बंद करूनच मेखा ठोकाव्यात, नाहीतर नंतर चेन लागत नाही किंवा ओढताना दात सुटतात. आधी कॅराव्हॅनलगतचे मागचे कोपरे, मग पुढचे, मग बाजू. मेख तंबूपासून बाहेरच्या बाजूला कलती ठोकायची. खडीच्या जागेवर साधी तारेची मेख वाकते, तिथे जाड पोलादी लागते. वादळाचे पट्टे, म्हणजे ऑनिंगला वरून जमिनीशी बांधणारे पट्टे, दोन्ही प्रकारांना हवेतच. साचणाऱ्या पाण्याच्या आणि बर्फाच्या बाबतीत मात्र खांब उजवे ठरतात. सैल छतावर पाणी साचले की मधली नळी दबते, खोलगट भाग वाढतो आणि आणखी पाणी साचते; खांबांच्या ऑनिंगला तिथे एक जादा वासा लावून भागते. बर्फाळ प्रदेशातले हिवाळी ऑनिंग म्हणूनच बहुधा पोलादी चौकटीचे असते.

निवड. दर दोन-तीन दिवसांनी जागा बदलणाऱ्याने हवेचे घ्यावे, एका जागी हंगामभर राहणाऱ्याने खांबांचे. उभारणीतला फरक चौकटीपुरता आहे. मेखा ठोकायला दोन्हीकडे तेवढाच वेळ लागतो. 'हवेचे' म्हणून ते हलके असेल असेही नाही: कापड आणि नळ्या एकाच मोठ्या गाठोड्यात येतात, तर खांब वेगळ्या पिशवीत नेता येतात. हे ओझे कॅराव्हॅनच्या सामानाच्या मर्यादेत मोजले जाते; ते चाकांच्या आसाच्या वर, कॅराव्हॅनच्या फरशीलगत ठेवावे.

ब्रिटनच्या कॅराव्हॅन अँड मोटरहोम क्लबच्या तळांवर समोरासमोरच्या कॅराव्हॅनच्या भिंतींत ६ मीटर आणि ऑनिंग धरून शेजाऱ्याशी ३ मीटर मोकळी जागा लागते, म्हणून मोठे ऑनिंग न्यायचे असल्यास आधी कळवावे. कोळशाची शेगडी, विझत आलेलीसुद्धा, बंद ऑनिंगमध्ये नेऊ नये. कार्बन मोनॉक्साइड तिथून कॅराव्हॅनमध्येही शिरतो. ओले ऑनिंग गुंडाळावेच लागले तर शक्यतो २४ तासांच्या आत उघडून वाळवावे. हवेच्या ऑनिंगमध्ये खोळ आणि पिशवी यांच्यामध्ये ओल अडकते, त्यामुळे नळ्यांत थोडी हवा भरून ते उभे करूनच सुकवणे बरे.